मराठीतून प्रवचन देणाऱ्या आमच्या सगळ्या फादरांना खुलं पत्र: बाई फादर का होत नाही याचं खरं कारण आमच्या मुलींना सांगा

आदरणीय फादर मंडळी,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कुठल्या एका फादरांना उद्देशून नाहीये. वसईपासून पुणे, नाशिक, नागपूरपर्यंत जे जे फादर मराठीतून मिस्साची उपासना करतात, प्रवचन देतात, युवकांची शिबिरं घेतात, लग्नाआधीचे कोर्स घेतात त्या सगळ्यांना आहे. मी वसईकडची, धर्मशिक्षणाच्या नववी-दहावीच्या वर्गाला शिकवते, आणि हल्ली या वर्गात एक प्रश्न हमखास येतो, की टीचर, मुली फादर का नाही होऊ शकत? पूर्वी हे कुजबुजत विचारायचे, आता मोबाईलवर कुठल्यातरी परदेशातल्या बिशपबाईंचा फोटो दाखवून विचारतात.

माझी बाजू आधीच सांगून टाकते म्हणजे गैरसमज नको. याजकपद, म्हणजे फादर होणं, फक्त पुरुषांनाच, ही चर्चची शिकवण मला पटते. वरून आलंय म्हणून नाइलाजाने मान्य करते असं नाही, वाचून, विचार करून, प्रार्थना करून मनापासून पटलीये. माझी तक्रार शिकवणीबद्दल नाही, तुमच्यापैकी बरेच जण तिची जी कारणं देतात त्याबद्दल आहे. कारणं चुकीची आहेत हो फादर. आणि चुकीच्या कारणांनी बरोबर शिकवण सांगितली की ऐकणारी हुशार मुलगी कारणांबरोबर शिकवणही टाकून देते, आणि मग हळूहळू मिस्साला यायचंही थांबवते.

काय काय ऐकलंय मी सांगू? एका फादरांनी सांगितलं बायकांच्या पोटात काही राहत नाही म्हणून त्या कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, ऐकू शकत नाहीत. दुसऱ्यांनी आडून आडून मासिक पाळीचा विषय काढला. तिसरे म्हणाले रात्री-अपरात्री मरणाच्या दारातल्या माणसाकडे जायचं असतं ते बाईमाणसाला कसं जमणार. एक जण म्हणाले बायका फादर झाल्या तर फादरांसाठी स्वयंपाक कोण करणार, सगळे हसले आणि विषय तिथेच संपला. आणि शेवटचं ठरलेलं उत्तर म्हणजे रोमने सांगितलंय, झालं.

यातलं एकही चर्चचं कारण नाही. एकही नाही. रात्री-अपरात्रीचं म्हणाल तर आपल्याच सिस्टर्स आणि आपल्याच मुली हॉस्पिटलांत नाइट ड्युट्या करतात. आमच्याच गावातली एक नर्स, प्रसूतीच्या वॉर्डात रात्रपाळीला होती, कॅथलिक आईबापांचं बाळ सातव्या महिन्यातच झालेलं, डॉक्टरांनी आशा सोडलेली, बाप अजून ट्रेनमध्ये, फादरांना फोन लागेना. तिने स्टीलच्या वाटीत पाणी घेतलं, इन्क्युबेटरच्या खिडकीतून हात आत घातला आणि बाळाच्या कपाळावर तीनदा थेंब थेंब पाणी ओतत म्हणाली, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुझा बाप्तिस्मा करते. सकाळी फादर आले त्यांनी परत बाप्तिस्मा केला नाही, फक्त रजिस्टरला नोंद घेतली, कारण तो बाप्तिस्मा पूर्ण होता. म्हणजे पहिला संस्कार, ज्याच्याशिवाय बाकीचे सगळे घेताच येत नाहीत, तो गरजेच्या वेळी बाई देऊ शकते. लग्नाचा संस्कार तर आपल्या लॅटिन परंपरेत नवरा-नवरीच एकमेकांना देतात, फादर साक्षीदार असतात. तिथे नवरी संस्कार देतेच की. मग बाईच्या हातात किंवा शरीरात काही अशुद्ध आहे हे कारण उरतं कुठे? मार्कच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई येशूच्या कपड्याला मागून शिवते, तेव्हा तो भर गर्दीत थांबतो, तिला पुढे बोलावतो आणि मुली म्हणून हाक मारतो. हे वाचलेल्या माणसाने धर्मशिक्षणाच्या वर्गात पाळीचं कारण देऊ नये.

आणि हे मी एकटी म्हणत नाहीये. १९७६ साली पोप पॉल सहावे यांच्या संमतीने श्रद्धेच्या शिकवणीचं काम बघणाऱ्या व्हॅटिकनच्या खात्याने याच विषयावर एक पत्रक काढलं, इंतेर इनसिग्निओरेस नावाचं, त्यात सरळ कबूल केलंय की जुन्या चर्चपित्यांच्या, म्हणजे पहिल्या शतकांतल्या धर्मगुरू-लेखकांच्या, लिखाणात बायकांविषयीचे पूर्वग्रह दिसतात, आणि मध्ययुगातल्या पंडितांची काही कारणं आजच्या माणसाला पटणार नाहीत. म्हणजे चर्चने स्वतःच ती कारणं बाजूला ठेवून शिकवण कायम ठेवली. मग आपल्याकडे तीच बाजूला ठेवलेली कारणं पन्नास वर्षांनी अजून का चालू आहेत?

खरं कारण काय ते आता मी लिहिते, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त शिकलेले आहात, चुकलं तर दुरुस्त करा.

पहिलं आणि मुख्य कारण म्हणजे चर्चला तसा अधिकारच नाही. २२ मे १९९४ ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी जे पत्र काढलं, ऑर्दिनात्सिओ साचेरदोतालिस, ते फार छोटं आहे, चहा संपायच्या आत वाचून होतं. त्यात ते असं म्हणत नाहीत की बायकांना हे जमणार नाही किंवा आम्ही त्यांना हे देणार नाही. ते म्हणतात स्त्रियांना याजकपदाची दीक्षा देण्याचा चर्चला काहीएक अधिकार नाही आणि हा निर्णय सगळ्या श्रद्धावंतांनी कायमचा मानायचा आहे. दोन्हींत केवढा फरक आहे बघा. ‘देणार नाही’ म्हणणारा माणूस मालक असतो, ‘माझ्या हातात नाही’ म्हणणारा विश्वस्त असतो. पोप इथे विश्वस्ताच्या भाषेत बोलतायत. पुढच्याच वर्षी, १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये, शंका विचारणाऱ्यांना उत्तर देताना कार्डिनल रात्झिंगर, जे पुढे पोप बेनेडिक्ट झाले, यांच्या खात्याने हे आपल्या श्रद्धेच्या ठेवीचाच भाग आहे असं स्पष्ट केलं. ठेव आपली नसते, सांभाळायला दिलेली असते, त्यातलं काढून खर्च करायचा हक्क सांभाळणाऱ्याला नसतो.

ही ठेव आली कुठून? येशूने प्रेषित म्हणून बारा जणांना निवडलं, ते सगळे पुरुष. इथे मुलं लगेच म्हणतात, टीचर, तेव्हाचा काळच तसा होता, बायकांना कोण विचारत होतं. हे उत्तर वरवर बरोबर वाटतं पण येशूच्या बाबतीत बसतच नाही. तो माणूस काळाला घाबरणारा होता का? यहुदी ज्यांना टाळायचे अशा शोमरोनी लोकांतल्या बाईशी विहिरीवर एकटा बोलत बसला, शिष्यांनाच आश्चर्य वाटलं. मरिया त्याच्या पायाशी बसून शिकवण ऐकत होती आणि मार्थाने तक्रार केली तर त्याने मरियाची बाजू घेतली. योहान्ना, सुसान्ना आणि बऱ्याच बायका त्याच्याबरोबर गावोगाव फिरत होत्या, स्वतःच्या पैशाने त्या सगळ्यांचा खर्च चालवत होत्या, लूकने आठव्या अध्यायात नावानिशी लिहिलंय. पुनरुत्थानानंतर तो पहिल्यांदा दिसला मरिया माग्दालेनाला, आणि ज्या काळात बाईच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती त्या काळात जगातल्या सगळ्यात मोठ्या बातमीची साक्ष त्याने बाईकडे दिली. म्हणून तर तिला प्रेषितांची प्रेषित म्हणतात. एवढ्या सगळ्या ठिकाणी ज्याने रीत मोडली त्याने शेवटच्या भोजनाच्या रात्री मात्र लोक काय म्हणतील म्हणून माघार घेतली, असं मला नाही वाटत.

शिवाय ‘काळ तसा होता’ हेही अर्धंच खरं आहे. यहुद्यांत याजक पुरुष होते, पण चर्च पसरलं ते ग्रीक आणि रोमन जगात, तिथे देवळांत पुजारिणी होत्या, रोममध्ये वेस्टा देवीच्या कुमारिकांना केवढा मान होता. एफेससमध्ये तर देवीचंच मोठं देऊळ. त्या लोकांना वेदीपाशी बाई दिसण्यात नवल वाटलं नसतं, उलट सोयीचंच पडलं असतं. तरी प्रेषितांनी ते केलं नाही.

मला सगळ्यात जास्त पटलेली जागा प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात आहे, आणि आश्चर्य म्हणजे हिच्यावर मी प्रवचन कधी ऐकलेलं नाही. येशूला पकडून देणाऱ्या यहूदाची बारा जणांतली जागा रिकामी झालीये, ती भरायची आहे. माडीवरच्या खोलीत सगळे प्रार्थना करत जमलेले, येशूची आई तिथे आहे, बाकीच्या बायकाही आहेत. पेत्र अट सांगतो की आपल्याबरोबर सुरुवातीपासून असलेल्या पुरुषांपैकी एकजण हवा, जो पुनरुत्थानाचा साक्षीदार होईल. आता साक्षीदार म्हणून बघायचं तर त्याच गटातल्या बायकांनी रिकामी कबर सगळ्यांच्या आधी पाहिली होती. आणि पवित्र मरिया, तिच्यापेक्षा येशूला जास्त ओळखणारं जगात कोण होतं? देवाचा पुत्र जिच्या पोटी नऊ महिने राहिला तीच समोर बसलीये. तरी नावं पुढे आली योसेफ आणि मत्थियाची, आणि चिठ्ठी मत्थियाच्या नावाची निघाली. कोणी म्हणेल का की मरिया मत्थियापेक्षा कमी होती? तेराव्या शतकात पोप इनोसंट तिसरे यांनीही हेच लिहिलंय, की ती सगळ्या प्रेषितांपेक्षा श्रेष्ठ, तरी प्रभूने स्वर्गराज्याच्या किल्ल्या तिच्या हाती दिल्या नाहीत, त्यांच्या हाती दिल्या. याजकपद हे मोठेपणाचं बक्षीस असतं तर ते पहिलं तिला मिळालं असतं. मिळालं नाही, याचा अर्थ ते बक्षीस नाहीच, वेगळं काहीतरी आहे.

एक हुशार मुलगा म्हणाला, टीचर, ते बारा जण यहुदीपण होते, मग वसईचा माणूस फादर कसा होतो? प्रश्न एक नंबर आहे आणि उत्तर बायबलमध्येच आहे. यहुदी असण्याची अट प्रेषितांच्या हयातीतच सुटली. तीत हा ग्रीक, सुंता न झालेला, पौलाचा सोबती आणि पुढे क्रेत बेटावरच्या चर्चची जबाबदारी सांभाळणारा. म्हणजे कुठली गोष्ट येशूच्या निवडीचा गाभा आहे आणि कुठली नाही हे प्रेषितांना कळत होतं, त्यांनी एक दार उघडलं. त्याच वेळी त्यांच्याबरोबर फिबी होती, लुदिया होती, अपुल्लोसासारख्या विद्वानाला घरी नेऊन शिकवणारी प्रिस्किल्ला होती, बायकांची कमतरता नव्हती आणि पौल त्यांच्यातल्या काहींना आदराने आपल्या सहकारी म्हणतो. हे दुसरं दार त्यांनी उघडलं नाही, आणि त्यांच्यानंतर पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या कुठल्याच प्राचीन चर्चने उघडलं नाही. वसई-विरारमध्ये आपल्या शेजारी एवढे मल्याळी ख्रिस्ती राहतात त्यांतल्या मलंकारा ऑर्थोडॉक्स कुटुंबांना विचारा. त्यांची परंपरा ४५१ च्या काल्सेदोन परिषदेनंतर रोमपासून वेगळी झालेल्या चर्चेसची, पोपचा हुकूम त्यांना लागू नाही, तरी त्यांच्याकडेही याजक पुरुषच. म्हणून ‘रोमने सांगितलंय’ हे उत्तर अपुरं आहे फादर, रोमला न मानणारेही हेच धरून आहेत.

आता दुसरं कारण, खुणेचं. हे थोडं अवघड आहे पण आपल्या लोकांना समजेल असं सांगता येतं. आपण भात आणि तांदळाच्या भाकरीवर वाढलेली माणसं. आमच्या आजीच्या हयातीत गव्हाची पोळी म्हणजे सणाचं खाणं. पण मिस्साला वेदीवर तांदळाची भाकरी कधी चालली नाही, चालणारही नाही, गव्हाचीच भाकर आणि द्राक्षाचीच वाइन लागते. २०१७ मध्ये रोमने परत एकदा आठवण करून दिली की ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, अजिबात नसलेली होस्ट, म्हणजे वेदीवरची पातळ भाकर, सुद्धा चालणार नाही, कमी ग्लूटेनवाली चालेल. आता यात तांदळाचा अपमान झाला का? तांदूळ गव्हापेक्षा कमी सकस आहे असं कोणी म्हटलं का? नाही. येशूने त्या रात्री जे हातात घेतलं तेच आपण घेतो, कारण ही खूण आपण तयार केलेली नाही, आपल्याला मिळालेली आहे. याजकाचंही तसंच. मिस्सात फादर स्वतःच्या नावाने बोलत नाहीत, ‘हे ख्रिस्ताचं शरीर आहे’ असं नाही तर ‘हे माझं शरीर आहे’ असं म्हणतात, त्या क्षणी तोंड त्यांचं आणि शब्द ख्रिस्ताचे. ते तिथे खूण म्हणून उभे असतात. आणि ख्रिस्त देवाचा पुत्र म्हणून, पुरुष होऊन आला, स्वतःला वर म्हणवून घेतलं, बाप्तिस्मा करणारा योहान त्याला वर आणि स्वतःला वराचा मित्र म्हणतो, पौल इफिसकरांना लिहितो की ख्रिस्ताने चर्चवर नवऱ्याने बायकोवर करावं तसं प्रेम केलं आणि तिच्यासाठी जीव दिला. वेदीपाशी चालतं ते हेच लग्न आहे. तिथे वराच्या जागी उभं राहणारा पुरुष असावा ही त्या खुणेची मागणी आहे.

आणि इथेच तुम्ही पुढचं वाक्य बोलायला हवं जे बहुतेक वेळा राहूनच जातं. आपण सगळे, पुरुषसुद्धा, त्या लग्नात वधूच्या बाजूला आहोत. बिशपसुद्धा, पोपसुद्धा, कारण चर्च ही वधू आहे आणि तिची सगळ्यात पूर्ण प्रतिमा म्हणजे मरिया. जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ च्या मुलिएरिस दिग्नितातेम या पत्रात याच्यावर पानंच्या पानं लिहिलीयत. फादर ही खूण आहेत ती या वधूच्या सेवेसाठी, तिच्यावर राज्य करायला नाही. तुम्ही हे वाक्य खाल्लंत की आमच्या मुलींना फक्त एवढंच ऐकू येतं की येशू पुरुष, फादर पुरुष, म्हणजे पुरुष देवाच्या जास्त जवळ. आणि ते साफ खोटं आहे, उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देवाने नर आणि नारी दोघांना स्वतःच्या प्रतिमेत निर्माण केलंय.

हक्काचा मुद्दाही येतो. सगळीकडे समान हक्क मग इथे का नाही. मी स्वतः नोकरी करते, समान पगारासाठी भांडलेली आहे, हक्काची भाषा मला परकी नाही. पण याजकपद हा पुरुषाचाही हक्क नाही. सेमिनरीत वर्षानुवर्षं काढलेल्या मुलाला बिशप शेवटच्या टप्प्यावर घरी पाठवू शकतात आणि तो कुठल्या कोर्टात जाऊन दीक्षा मागू शकत नाही. बोलावणं येतं आणि चर्च ते तपासते. आणि याजक न होता माणूस कुठे पोहोचतो हे आपल्या वसईकरांना तरी सांगायला नको. संत गोन्सालो गार्सिया, आपल्या मातीत जन्मलेले, ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर गेले, १८६२ मध्ये संत झाले, भारतात जन्मलेले पहिले संत, आणि ते फादर नव्हते! फ्रान्सिस्कन ब्रदर होते, दुभाष्याचं काम करायचे. आपण त्यांची नऊ दिवसांची नोव्हेना करतो, पोरांना त्यांचं नाव देतो, पण ही गोष्ट मोठ्याने सांगत नाही. लिझ्यूच्या संत थेरेसाने तर स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय की तिला याजक व्हावंसं वाटायचं. चोविसाव्या वर्षी ती गेली, फादर न होताच गेली, आणि १९९७ मध्ये चर्चने तिला धर्मपंडिता केलं, म्हणजे आता मोठमोठे फादर तिच्याकडून शिकतात. ज्या मुलीला मनापासून असं वाटतं तिला झिडकारू नका हो, तिच्या हातात थेरेसाचं चरित्र द्या.

व्यवहाराची कारणंही आहेत, पण ती स्वयंपाकाची नाहीत. सगळ्यात मोठं म्हणजे खात्री. दीक्षा खरी झाली नसेल तर त्या हातांनी केलेली मिस्सा, दिलेली पापक्षमा, मरणाच्या वेळचा रुग्णाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला तेल लावायचा संस्कार, सगळंच शंकेत येतं. माझ्या वडिलांना शेवटचा संस्कार मिळाला तेव्हा आमच्या घरात कोणालाच शंका नव्हती की मिळालं ते खरं मिळालं, आणि त्या रात्री आम्हाला तेवढाच आधार होता. ज्या कामाचा अधिकार आपल्याकडे आहे की नाही तेच माहीत नाही ते काम संस्कारांच्या बाबतीत करून बघू म्हणता येत नाही. चर्च ऑफ इंग्लंडचं उदाहरण आहे, १२ मार्च १९९४ ला ब्रिस्टलच्या कॅथेड्रलमध्ये ३२ स्त्रियांना त्यांनी दीक्षा दिली, ज्यांना हे पटत नव्हतं अशा पॅरिशेससाठी, म्हणजे स्थानिक धर्मग्रामांसाठी, वेगळे फिरते बिशप नेमावे लागले, आणि शेकडो पाळक ते चर्च सोडून गेले. एकाच चर्चमध्ये एकाने दिलेला संस्कार दुसरा मानत नाही अशी वेळ आली. मी त्या बायकांच्या श्रद्धेवर बोट ठेवत नाही, पण हे तुटणं खरं आहे. आणि ऑर्थोडॉक्स चर्चेसशी परत एक होण्याची जी आशा आहे तीही असं एकतर्फी काही केलं तर संपल्यातच जमा.

आपल्याच महाराष्ट्रात प्रॉटेस्टंटांच्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये स्त्रिया पाळक होतात, मुलं ते बघतात आणि विचारतात. त्यांच्याबद्दल वाईट बोलू नका ही हात जोडून विनंती. पाळकाच्या कामाबद्दलची आणि संस्कारांबद्दलची त्यांची समजूत आपल्यापेक्षा वेगळी आहे, म्हणून त्यांचा निर्णयही वेगळा आला, एवढं शांतपणे सांगितलं तरी मुलांना कळतं. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्यांचा पंथ वेगळा असला तरी बाई शास्त्र शिकवू शकते याचा यापेक्षा मोठा पुरावा मराठी माणसाला कुठला हवा.

कृपा करून तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र कालवू नका. फादरांनी लग्न करावं की नाही हा शिस्तीचा प्रश्न आहे, पूर्वेकडच्या कॅथलिक चर्चेसमध्ये लग्न झालेले फादर आहेत, उद्या पोपना वाटलं तर तो नियम बदलू शकतो. स्त्रियांना डीकन, म्हणजे याजकाच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक, करता येईल का यावर अभ्यास झाला आहे, २०२४ च्या सिनोडच्या, म्हणजे रोममधल्या बिशपांच्या सभेच्या, शेवटच्या दस्तावेजाने तो प्रश्न उघडा ठेवला. याजकपदाचा प्रश्न मात्र या दोन्हींसारखा नाही. हा फरक तुम्ही सांगितला नाहीत तर मुलांना वाटतं की हट्टीपणा तेवढा बाकी आहे, आज ना उद्या सुटेल.

आणि चर्च जे बदलू शकते ते बदलते हेही सांगा ना! पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी पाय धुण्याच्या विधीत बायकांनाही बसवण्याची मुभा दिली, त्याच वर्षी मरिया माग्दालेनाच्या २२ जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला, २०२१ मध्ये वाचक आणि वेदीसेवक ही पदं रीतसर स्त्रियांना खुली केली, २०२३ च्या सिनोडमध्ये बायकांनी पहिल्यांदा मतदान केलं, २०२५ मध्ये व्हॅटिकनच्या एका मोठ्या खात्याच्या प्रमुख सिस्टर सिमोना ब्राम्बिल्ला झाल्या आणि व्हॅटिकन शहराच्या कारभाराच्या प्रमुख सिस्टर राफाएल्ला पेत्रिनी. हे सगळं करणारे पोप याजकपदाबद्दल विचारल्यावर म्हणाले की जॉन पॉल यांचा शब्द शेवटचा आहे. बायकांची भीती असती तर एवढं केलंच नसतं.

पण फादर, आपल्या गावात यातलं काय पोहोचलं? बघा ना, चर्च झाडणं, फुलं, रांगोळी, सणाचं जेवण, कॉयर, धर्मशिक्षण, आजाऱ्यांच्या भेटी हे सगळं बायका करतात, आणि पैशाचा हिशोब ठरवणाऱ्या समितीत एखादी बाई असली तर असली, तीही चहा आणायला उठते. वाचन मुली करतात पण रीतसर वाचक म्हणून नेमणूक कितीजणींची झाली? पैशाच्या समितीत बसायला दीक्षा लागत नाही. लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या, चिंतनसभेत बोलायलाही लागत नाही. जिथे देवाने मनाई केलेली नाही तिथे तुम्ही दार बंद ठेवता, म्हणून जिथे खरंच चर्चचा अधिकार नाही तिथलं दारही तुम्हीच बंद केलंय असं आमच्या मुलींना वाटतं, आणि त्यांचं काय चुकलं? आमच्या वर्गात मी कितीही वेळ मत्थियाची गोष्ट सांगितली तरी मिस्सा सुटल्यावर त्यांना समितीचा फलक दिसतो, त्याच्यावर एका ओळीत पुरुषांची नावं.

म्हणून मागणं साधं आहे. येत्या वर्षात पॅरिशच्या अर्थसमितीत हिशोब कळणाऱ्या बायका घ्या, आपल्याकडे बँकेत आणि शाळेत आयुष्य काढलेल्या कितीतरी जणी निवृत्त होऊन घरी आहेत. वाचक आणि वेदीसेवक म्हणून मुलींची रीतसर, सगळ्यांसमोर नेमणूक करा. ज्यांना थिऑलॉजी शिकायची आहे त्या बायकांची फी धर्मग्रामाने भरावी, जशी सेमिनरीत जाणाऱ्या मुलासाठी आपण सगळे भरतो.

आणि या पत्राचं उत्तर मला वेगळं नको. पवित्र गुरुवारी संध्याकाळी, ज्या मिस्सात आपण ख्रिस्तशरीराची आणि तुमच्या याजकपदाची स्थापना साजरी करतो, त्या दिवशी पाय धुवायला बसवणाऱ्यांत आमच्या मुली आणि आमच्या म्हाताऱ्या आया बसवा, आणि प्रवचनात माडीवरच्या खोलीचा तो पहिला अध्याय घ्या. बाई याजक का होत नाही ते त्या दिवशी माईकवर, खऱ्या कारणांसकट, न हसता सांगा. त्याआधी तयारीला एखाद्या रविवारी दहावीच्या वर्गात येऊन बसलात तर प्रश्न काय येणार आहेत ते आधीच कळेल.

आपली नम्र,
धर्मशिक्षण वर्गाची एक शिक्षिका, वसई